‘तज्ज्ञांची मदत घ्या’ या वाक्याच्या पुढचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आत्महत्येची बातमी असो, दहावी-बारावीच्या ताणावरचा लेख असो की निवृत्तीनंतरच्या एकटेपणावरचा, आपल्या दैनिकात शेवटी एक वाक्य हमखास असते: ‘गरज वाटल्यास तज्ज्ञांची मदत घ्या.’ वाक्य बरोबरच आहे. पण साताऱ्यात, कराडला, फलटणला किंवा वाईला राहणाऱ्या वाचकाने ते वाचून पेपर बाजूला ठेवला, की पुढे त्याने करायचे काय? कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे, तो खरोखर शिकलेला आहे हे कसे ताडून बघायचे, फोनवर काय विचारायचे, चार वेळा जाऊनही काही हाती लागले नाही तर काय? आम्ही याच क्षेत्रात काम करतो आणि लोक नेमके याच ठिकाणी अडतात हे आम्हाला माहीत आहे. म्हणून त्या वाक्याच्या पुढचे लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. जागेची अडचण असेल तर दोन भागांत छापा, पण तपशील कापू नका, ही विनंती.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या माणसांना लावतो. पेपरातही तसाच छापला जातो. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम करून मनाच्या आजारांवर औषधे देणारा डॉक्टर हा मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. आपल्या राज्यात त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, हा वैद्यकीय डॉक्टर नव्हे. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी झाल्यावर रुग्णालयात पूर्णवेळ दोन वर्षे देखरेखीखाली काम करून एमफिल, हा त्याचा आजवरचा रूढ मार्ग. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. तो औषध लिहून देत नाही. तो मानसिक चाचण्या करतो आणि थेरपी, म्हणजे बोलण्यातून होणारे उपचार, देतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 मध्ये त्याची व्याख्याच दिलेली आहे. तिसरा सायकियाट्रिक सोशल वर्कर. हा कुटुंबाशी बोलतो, नोकरी, शाळा, सरकारी योजना यांची घडी बसवून देतो. चौथा समुपदेशक, ज्याच्याकडे बहुतेक लोक सर्वांत आधी जातात.

‘समुपदेशक’ ही पाटी लावायला काय शिकलेले असावे लागते, याचे बंधन आपल्याकडे वर्षानुवर्षे नव्हते. एखाद्याने मानसशास्त्रात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन वर वर्षभर प्रत्यक्ष काम शिकलेले असते, तर एखाद्याने शनिवार-रविवारचा काही आठवड्यांचा वर्ग केलेला असतो. पाटी दोघांची सारखीच. 2021 च्या केंद्रीय कायद्याने, सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमताना, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणले आहे. पण रोजच्या व्यवहारात निदान आज तरी तपासणी वाचकालाच करावी लागते.

याचा अर्थ समुपदेशक दुय्यम, असा कोणी काढू नये. गोव्यात पर्वरीच्या ‘संगत’ या संस्थेने तर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ सत्रांचा कार्यक्रम राबवला. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने जास्त गुण येतो, हे रीतसर चाचणीत दाखवून दिले. तिथे कामी आल्या त्या दोन गोष्टी: ठरलेली पद्धत आणि वरून नियमित देखरेख. म्हणून समुपदेशकाला पदवीइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा विचारावा, ‘तुमच्या कामावर सुपरव्हिजन कोणाचे असते?’ चांगला समुपदेशक या प्रश्नाने दुखावत नाही. तो सरळ सांगतो की महिन्यातून दोनदा अमुक ज्येष्ठांबरोबर केसेसची चर्चा होते, नाव न घेता. ‘मला आता त्याची गरज नाही’ असे उत्तर आले तर दुसरा शोधावा.

आता आधी कोणाकडे जायचे ते. चार-पाच दिवस झोपच नाही आणि तरी अंगात प्रचंड उत्साह, कानात आवाज येणे, लोक आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी पक्की खात्री, खाणेपिणे सुटणे, जीव देण्याचे विचार आणि त्याची तयारी, यांत समुपदेशकाची वेळ मिळण्याची वाट बघू नये. मनोविकारतज्ज्ञ किंवा सरळ रुग्णालय गाठावे. रात्री-अपरात्री 108 ची रुग्णवाहिका किंवा 112. घरात कीटकनाशके असतील तर ती त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. तेव्हा ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालण्याआधी डॉक्टर हवा, समुपदेशन त्यानंतर. बाकी काळजी, उदासी, भीती, शोक, नात्यांतले ताण, चिडचिड, कामावरचा त्रास, यांसाठी मानसशास्त्रज्ञाकडून किंवा समुपदेशकाकडून सुरुवात करायला हरकत नाही. मध्यम ते तीव्र नैराश्यात बऱ्याच जणांना औषध आणि थेरपी दोन्ही लागतात. औषध घेणे म्हणजे थेरपी हरली असे मुळीच नव्हे.

शोधायचे कुठे? पहिले ठिकाण जिल्हा रुग्णालय. साताऱ्यात ते क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक धरलेले आहे, आणि ते ठरावीक वारी ग्रामीण रुग्णालयांतही जाते. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सर्व मोफत आहे. (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे येतात. तिथे थोडे शुल्क लागते.) अडचण अशी की सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटेच मिळतात. लोक तेवढ्यावरून ‘नुसत्या गोळ्या दिल्या’ म्हणून परततात. त्याच दिवशी, उठण्याआधी, स्पष्ट शब्दांत सांगावे: ‘मला मानसशास्त्रज्ञांशी सविस्तर बोलायचे आहे, वेगळी वेळ द्या.’ वेळ आणि वार केसपेपरवर लिहून घ्यावा.

दुसरे ठिकाण आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर. गावात कोण काय आहे हे त्यांना बरेचदा ठाऊक असते. त्यांना ‘चांगला कोण?’ असे न विचारता ‘तुम्ही पाठवलेल्या पेशंटला कोणाचा उपयोग झाला?’ असे विचारावे. मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग असलेल्या महाविद्यालयातही चौकशी करावी. तिथल्या शिक्षकांना आपले माजी विद्यार्थी कुठे काम करतात हे माहीत असते. संस्थांचा आधारही मोठा आहे. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), व्यसनासाठी पुण्याचे मुक्तांगण, साताऱ्यात परिवर्तन, स्किझोफ्रेनियासाठी पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. या शेवटच्या संस्थेच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकर होऊन थकलेल्या आईवडिलांना त्या गटात जे मिळते ते एकेकट्याच्या समुपदेशनात सहसा मिळत नाही. आणि आज रात्रीच कोणाशी तरी बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे: 14416. ती चोवीस तास असते, मोफत असते आणि मराठीत बोलता येते. तिथून पुढे जवळच्या सरकारी केंद्राचा पत्ताही मागता येतो.

इंटरनेटवर लोकांनी दिलेल्या चांदण्यांवर, म्हणजे रेटिंगवर, विसंबू नये. समुपदेशनाला जाऊन बरा झालेला माणूस स्वतःच्या नावाने तसे जाहीर लिहायला कचरतो, आणि कोणी वाईट लिहिले तर गोपनीयतेमुळे समुपदेशकाला खुलासाही करता येत नाही. त्यामुळे त्या चांदण्यांतून दवाखान्याची पार्किंगची सोय कळते, थेरपी कशी आहे ते कळत नाही.

नाव हाती आले की पाच मिनिटांची तपासणी. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून बघता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयच्या नोंदवहीत. त्या क्रमांकाला सीआरआर क्रमांक म्हणतात. इथे एक खाच आहे. आरसीआय सोळा प्रकारच्या व्यावसायिकांची नोंदणी करते. त्यांत विशेष शिक्षक आहेत, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ आहेत. म्हणजे ‘आरसीआय नोंदणीकृत’ एवढेच पाटीवर असले तर ती व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच आहे असे होत नाही. नोंदीत प्रकार कोणता लिहिला आहे आणि मुदत संपली आहे का, हे दोन्ही बघावे. नावामागच्या ‘डॉ.’वरूनही काही ठरत नाही. ते पीएचडीचे असू शकते, बीएएमएस किंवा बीएचएमएसचेही असू शकते. यांपैकी कोणी समुपदेशनाचे वेगळे शिक्षण घेऊन तसे मोकळेपणाने सांगत असेल तर त्यात गैर काहीच नाही. लपवत असेल तर मात्र तिथेच थांबावे.

मग फोन. समुपदेशक सत्रात असतात तेव्हा फोन उचलत नाहीत, आणि दोनदा न उचलल्यावर धीर खचून विषय तिथेच संपतो, असे फार होते. म्हणून आधी मेसेज करावा. असा: ‘नमस्कार. मला स्वतःसाठी समुपदेशनाची वेळ हवी आहे. तीन महिन्यांपासून झोप आणि काळजीचा त्रास आहे. आपली फी, वेळ आणि ठिकाण कळवाल का? मला संध्याकाळी सहानंतर बोलता येईल.’ एवढे पुरे. आपली सगळी कहाणी व्हॉट्सॲपवर लिहू नये. घरात एकच फोन सगळे वापरत असतील तर मेसेज पुसून टाकावा आणि ‘उलट फोन करू नका, मीच करीन’ असे लिहावे.

बोलणे झाले की विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. शिक्षण आणि नोंदणी काय? माझ्यासारख्या त्रासासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता? साधारण किती सत्रे लागतात? एका सत्राची फी किती, आणि वेळ रद्द करायची तर किती आधी कळवायचे? रात्री त्रास वाढला तर काय करायचे? उत्तरांकडे कान देऊन ऐकावे. ‘दोन सत्रांनंतर नीट सांगता येईल, पण साधारण आठ ते सोळा, आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाचे’ हे प्रामाणिक उत्तर झाले. ‘हा विषय मी बघत नाही, तुम्हाला दुसरे नाव देतो’ हे तर फारच चांगले लक्षण, ते नाव लगेच लिहून घ्यावे. ‘तीन सत्रांत शंभर टक्के गुण’ किंवा ‘वीस सत्रांचे पॅकेज आज भरलेत तर सवलत’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे फोन ठेवावा. थेरपीचे पैसे सत्रागणिक द्यायचे असतात. फी जास्त वाटली तर कमी फीच्या काही जागा असतात का, हे विचारायला संकोच करू नये. अनेकजण त्या ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

पद्धतीचा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे, कारण तिथे खरे-खोटे लवकर कळते. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती रोखायची, ही सर्वाधिक पुरावा असलेली थेरपी आहे. आज दाराच्या कडीला हात लावून दहा मिनिटे हात धुवायचे नाहीत, पुढच्या आठवड्यात अर्धा तास, असे ते चालते. तिथे कोणी महिनोन् महिने फक्त बालपणाच्या आठवणी काढत बसले तर त्रास तसाच राहतो. पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांत, छातीतली धडधड दवाखान्यातच मुद्दाम निर्माण करून तिची भीती घालवतात. नैराश्यात मनाला उभारी येण्याची वाट न बघता आधी दिवसाचे वेळापत्रक बदलतात: सकाळी वीस मिनिटे चालणे, एका माणसाशी बोलणे, एक अर्धवट राहिलेले काम. विचार आणि वागणे यांवर काम करणारी सीबीटी ही थेरपी तर सर्वत्र आहे, आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे आपल्याकडे चांगली रुजली आहे. तिची शब्दसंपदाही मराठीत तयार आहे. नुसते ‘सकारात्मक विचार करा, देवावर विश्वास ठेवा, बाहेर फिरून या’ हे शेजारचे काकाही सांगतात. त्यासाठी फी कशाला मोजायची?

अंतराचाही हिशेब आधीच करावा. बारा आठवडे, दर आठवड्याला एक फेरी. साताऱ्याहून पुण्याला जाऊन येण्यात अख्खी रजा जाते. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या फेरीला गळतात आणि मग ‘थेरपीचा उपयोग झाला नाही’ असे म्हणतात. थोडा कमी नावाजलेला, पण तासाभराच्या अंतरावरचा माणूस बरा. लहान गावात दुसरी भीती ‘कोणी बघेल’ ही, आणि ती खोटी नाही. वेळ घेतानाच विचारावे: दोन सत्रांमध्ये पंधरा मिनिटे मोकळी असतात का, बाहेर बसायची जागा कशी आहे, सकाळी लवकरची वेळ मिळेल का? तेवढ्याने बरेच सुटते. पहिली दोन-तीन सत्रे समोरासमोर आणि पुढची ऑनलाइन, ही तडजोडही चांगली चालते. ऑनलाइनसाठी बंद खोली, हेडफोन आणि नेट गेले तर लगेच फोनवर यायचे हे आधी ठरलेले असावे. तुम्ही नेमके कुठे बसला आहात आणि अडचणीत कोणाला फोन करायचा, हे थेरपिस्टने सुरुवातीलाच विचारायला हवे. तो विचारत नसेल तर ती कसूर आहे. परदेशातल्या मुलामुलींसाठी इथून मराठी समुपदेशक शोधणाऱ्या पालकांनी एक लक्षात घ्यावे. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यनिहाय असतो आणि व्यक्ती जिथे राहते तिथला तो लागतो. तिथल्या तिथे मराठी बोलणारा थेरपिस्ट मिळतो का हे आधी बघावे, कारण मध्यरात्री काही झाले तर इथला माणूस तिथे मदत पोचवू शकत नाही.

भाषा ही लहान गोष्ट नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात भुंगा लागलाय’, ‘अंगातलं पाणी पळालं’ हे ज्याला लगेच कळते त्याच्याकडे निम्मे काम सोपे होते. इंग्रजीत शिकलेल्या थेरपिस्टला मराठीत बोलायचा आग्रह जरूर करावा.

पहिल्या सत्राला रिकाम्या हाताने जाऊ नये. चालू औषधांच्या पट्ट्या, जुने केसपेपर, आठवडाभर किती वाजता झोपलो आणि उठलो याची नोंद, आणि त्रास झाला असे अलीकडचे तीन प्रसंग कागदावर. शक्य असेल तर रक्ताचे रिपोर्टही. थायरॉइड कमी असणे, हिमोग्लोबिन किंवा बी-12 कमी असणे यांनी येणारा थकवा आणि उदासी हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. शाकाहारी घरांत बी-12 कडे तर विशेष लक्ष द्यावे. समोरची व्यक्ती दारू, घरातले आजार, लैंगिक अडचणी, आणि जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारेल. दचकू नये. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

त्याच दिवशी गोपनीयतेच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 23 ने आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. अपवाद मोजके: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश, आणि बालकावरचा लैंगिक अत्याचार, जो पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवावाच लागतो. ‘तुझं सगळं आईला सांगणार नाही, पण या तीन गोष्टी लपवता येणार नाहीत,’ असे किशोरवयीन मुलाला आधीच सांगणारा समुपदेशक चांगला. आतमध्ये मूल बोलले आणि बाहेर येऊन पालकांना सगळे जसेच्या तसे कळले, तर ते मूल पुन्हा कोणाशीही बोलत नाही.

प्रगती मोजता येते, आणि मोजावी. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची नैराश्याची मोजपट्टी मराठीत उपलब्ध आहे. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा अधिक म्हणजे लक्ष घालायला हवे. वीस किंवा अधिक म्हणजे तीव्र. पहिल्या सत्राला ती भरावी आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव देण्याच्या विचारांना, शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर एकूण गुण कितीही असोत, ते त्याच दिवशी सांगावे. ही मोजपट्टी एकट्याने भरून स्वतःचे निदान मात्र करू नये.

चार सत्रांनंतर थांबून विचार करावा. आपण कशावर काम करतो आहोत हे दोघांना एका वाक्यात सांगता येते का? दोन सत्रांमध्ये करायला काही मिळते का? लाज वाटणारी एखादी गोष्ट तिथे बोलता आली का? तिन्हींना ‘नाही’ असेल तर ते थेरपिस्टसमोरच बोलावे: ‘मला वाटतं आपण अडकलोय.’ अनेकदा याच वाक्यानंतर काम सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रानंतर घरी येऊन जास्त रडू येणे, थकवा येणे हे होते. तेवढ्यावर सोडू नये. पण प्रत्येक वेळी अपमानित होऊन परतत असाल, जात, धर्म, लग्न न करणे किंवा घटस्फोट यांवर उपदेश ऐकावा लागत असेल, तर मात्र बदलावे. न सांगता जाणे बंद करण्याऐवजी एक शेवटचे सत्र घ्यावे आणि झालेल्या कामाचा गोषवारा मागावा, म्हणजे पुढच्याकडे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आपल्या उपचारांची मूलभूत कागदपत्रे मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 25 मध्ये आहे.

काही ठिकाणी तर चौथ्या सत्राचीही वाट बघू नये. मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारा. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारा, याला शास्त्रीय आधार नाही. मागच्या जन्मात नेणारा. समलिंगी मुलाला ‘बदलून’ देतो म्हणणारा. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. स्पर्श करणारा, सत्राबाहेर भेटायला बोलावणारा, पैसे उसने मागणारा. आणि करणी उतरवतो म्हणून मारहाण करणारा किंवा बांधून ठेवणारा, त्याच्यासाठी आपल्या राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात होते.

तीन प्रसंग वेगळे. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करणे धोक्याचे ठरते, कारण तिथे बाई जे बोलते त्याचा हिशेब घरी गेल्यावर होतो. तिने आधी एकटीने 181 वर किंवा पोलिसांकडच्या महिला विशेष कक्षात बोलावे. हे कक्ष 1984 मध्ये मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाले आणि पुढे राज्यभर पोचले. मुलाच्या अध्ययन अक्षमतेसाठी खासगी चाचणी मार्गदर्शनाला उपयोगी पडते, पण बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी शासनमान्य केंद्राचेच प्रमाणपत्र लागते. आधी शाळेत चौकशी करावी, म्हणजे दुहेरी खर्च टळेल. आणि ज्याला गरज आहे तोच यायला तयार नसेल तर त्याला ‘बीपी तपासायला जाऊ’ असे फसवून नेऊ नये. घरच्यांनी एक-दोनदा एकट्याने जावे. घरात कसे बोलायचे ते शिकून आल्यावर बरेचदा तोही येतो.

विम्याबद्दल थोडेच. याच अधिनियमाच्या, म्हणजे मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या, कलम 21 नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्यावे लागते, पण बहुतेक पॉलिसींत ते भरती होण्यापुरते असते. समुपदेशनाची फी बाह्यरुग्ण संरक्षण घेतले असेल तरच मिळू शकते. तेव्हा पॉलिसीत तेवढे एक कलम वाचावे आणि पावती नाव, तारीख, नोंदणी क्रमांकासह घ्यावी.

आता आपल्याकडे मागणे. मनाच्या आरोग्यावर ज्यांचे मत छापता त्यांच्या नावापुढे सरसकट ‘मानसोपचारतज्ज्ञ’ न लिहिता मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट की समुपदेशक, हे नेमके छापावे. छोट्या जाहिरातींत समुपदेशन केंद्राची जाहिरात घेताना शिक्षण आणि असेल तो नोंदणी क्रमांक मागून तो जाहिरातीतच द्यावा, आणि त्याच पानावर येणाऱ्या वशीकरणाच्या जाहिराती बंद कराव्यात. आत्महत्येच्या प्रत्येक बातमीखाली 14416 हा क्रमांक, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची वेळ, आणि पथक कोणत्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येते, एवढी चौकट छापावी. वार आणि डॉक्टर बदलत राहतात, म्हणून ही माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडून दर तीन महिन्यांनी पडताळून घ्यावी लागेल. पहिल्या चौकटीचा मजकूर आम्ही तयार करून देऊ.

आपले,
मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक, सातारा